आडवे, उभे आणि प्राप्तिकर

शब्दकोड्यात चुकीचे उत्तरही कधीकधी चौकटींत चपखल बसते. अक्षरे जुळली की शंका येत नाही. अडते ते पुढच्या शब्दांना. प्राप्तिकराबद्दलचे बरेच गैरसमज याच जातीचे. खालच्या पाच सूत्रांत चूक आणि बरोबर, दोन्ही उत्तरांची अक्षरे सारखीच आहेत. जोडाक्षराला एकच चौकट.

1. भारतात प्राप्तिकर आणणारा (3 अक्षरे)

गैरसमज: चाणक्य.

वस्तुस्थिती: विल्सन. ‘अर्थशास्त्रा’त पिकातला राजाचा सहावा हिस्सा आहे, मालावरची जकातही आहे. पण एका माणसाची वर्षभराची सगळी कमाई एकत्र मोजून तिच्यावर कर लावणे ही वेगळी कल्पना. ती ब्रिटनमध्ये 1799 साली फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या खर्चापायी अमलात आली. भारतात ती आणली व्हाइसरॉयच्या कौन्सिलातले अर्थसदस्य जेम्स विल्सन यांनी. 24 जुलै 1860 रोजी कायदा झाला. म्हणूनच 24 जुलै हा आयकर दिन.

2. 1860 चा कर कशामुळे? (2 अक्षरे)

गैरसमज: रेल्वे.

वस्तुस्थिती: बंड. त्याच वर्षी सोलापूरपर्यंत रेल्वे आली, त्यामुळे पहिले उत्तर पटकन सुचते. पण लोहमार्ग बांधत होत्या खासगी कंपन्या, सरकारने हमी दिलेल्या व्याजावर. कराचे मुख्य कारण होते 1857. उठाव मोडताना सरकारी तिजोरी कर्जात बुडाली होती. वर्षाला 200 ते 500 रुपये मिळवणाऱ्याला 2 टक्के आणि त्यापुढे 4 टक्के कर बसला.

3. तेव्हापासून आजवर हा कर (3 अक्षरे)

गैरसमज: अखंड.

वस्तुस्थिती: खंडित. 1865 मध्ये तो बंद झाला, 1869 मध्ये परतला, 1873 मध्ये पुन्हा गेला. सोलापूरच्या ‘जुन्या मिल’ची कंपनी 1874 मध्ये स्थापन झाली तेव्हा देशात प्राप्तिकर नव्हताच! 1886 च्या कायद्याने तो परत आला, तो कायमचा. त्यात कंपन्यांच्या नफ्यावर रुपयामागे पाच पै कर होता. रुपयाच्या 192 पै धरल्या, तर हा दर सुमारे 2.6 टक्के होतो.

4. शेतकऱ्याचे करमुक्त उत्पन्न (3 अक्षरे)

गैरसमज: सगळे.

वस्तुस्थिती: शेतीचे. कायदा सातबाऱ्यावरचे नाव पाहत नाही, पैसा कुठून आला ते पाहतो. सांगोल्याच्या बागेतली डाळिंबे विकली, तर ते शेतीचे उत्पन्न. रान कसायला देऊन मिळालेला खंडही शेतीचाच. पण त्याच रानात मंगल कार्यालय बांधून भाडे घेतले किंवा गोठ्यातले दूध डेअरीला घातले, तर ते शेतीचे नव्हे. तुतीचा पाला शेतमाल. मात्र त्यावर अळ्या पोसून विकलेले रेशीमकोष शेतमाल नव्हेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1999 चा निकाल आहे.

ही मुभा पहिल्यापासूनची नाही. 1860 च्या करातून शेती सुटली नव्हती; ती वगळली 1886 च्या कायद्याने. शेतकरी आधीच सरकारला सारा भरतो, मग दुहेरी भार नको, हा त्यामागचा एक युक्तिवाद. आज राज्यघटनेनुसार शेती उत्पन्नावर कर बसवण्याचा अधिकार राज्यांकडे आहे, केंद्राकडे नाही. तरी नोकरी सांभाळून शेती करणाऱ्याने एक लक्षात ठेवावे: त्याचे इतर उत्पन्न करपात्र मर्यादेपलीकडे असेल आणि शेतीचे 5,000 रुपयांहून जास्त असेल, तर इतर उत्पन्नावरचा कर काढताना शेतीचा आकडा हिशेबात धरतात. शेतीवर कर लागत नाही, पण बाकीच्या उत्पन्नाचा दर वर सरकू शकतो.

5. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत मिळते ती (4 अक्षरे)

गैरसमज: करमाफी.

वस्तुस्थिती: सवलत. 2025-26 या आर्थिक वर्षासाठी करमुक्त मर्यादा 4 लाखांचीच आहे. 12 लाखांवर कर निघतो 60,000 रुपये, आणि तेवढीच सवलत मिळून देणे शून्य होते. मात्र शेअर विकून झालेला नफा विशेष दराच्या करात येत असेल, तर त्या कराला ही सवलत लागत नाही. आणि ‘कर शून्य, मग विवरणपत्र कशाला?’ असे म्हणणाऱ्याची गाडी इथेच घसरते: करपात्र मर्यादा ठरते 4 लाखांवर, आणि ती ओलांडली की विवरणपत्र भरावेच लागते.