चित्रनलिका करावी की विकत घ्यावी?

रेडिओ व ध्वनिमुद्रक बनवणाऱ्या कंपनीने दूरचित्रवाणी संचही बनवावा काय? प्रश्न व्यापाराचा वाटतो. पण जपानमधील सोनी कंपनीला रंगीत संचाच्या बाबतीत त्याचे उत्तर पदार्थविज्ञानात शोधावे लागले.

संचाचा जीव असतो चित्रनलिकेत. त्या काळी प्रचलित असलेल्या अमेरिकन नलिकेत मागे तीन इलेक्ट्रॉन-बंदुका असत. पुढे काचेच्या आतून लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाने चमकणारे ठिपके आणि त्यांच्या अलीकडे लाखो भोकांचा धातूचा पत्रा असे. पत्र्यामुळे प्रत्येक बंदुकीचे इलेक्ट्रॉन आपापल्या रंगाच्याच ठिपक्यांवर पडत. मात्र सुमारे चार पंचमांश इलेक्ट्रॉन पत्र्यावरच आदळून वाया जात! साहजिकच चित्र मंद दिसे.

हीच नलिका घेऊन संच जुळवणे सोपे होते. सोनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांना ते मान्य नव्हते. त्यांनी ‘क्रोमॅट्रॉन’ नलिका निवडली. ही कल्पना सायक्लोट्रॉनचे जनक अर्नेस्ट लॉरेन्स यांची. तीत पत्र्याऐवजी बारीक तारांची जाळी असे. तारांवरील विद्युत्-दाब बदलून इलेक्ट्रॉन हव्या त्या रंगाच्या पट्टीवर वळवत. चित्र झळझळीत येई, पण तारा अचूक बसवणे कारखान्यात जमेना. एका संचाचा खर्च विक्रीच्या किमतीच्या दुप्पट होऊ लागला. प्रयोगशाळेत साधलेली गोष्ट कारखान्यात साधेलच असे नाही, ती अशी!

अखेर १९६८ साली ‘ट्रिनिट्रॉन’ अवतरली. तीन बंदुकांऐवजी एकच बंदूक, तीत एका ओळीत तीन ऋणाग्रे. यात मोठी खुबी आहे. नलिकेच्या अरुंद मानेत तीन बंदुका कोंबल्या, की प्रत्येकीचे इलेक्ट्रॉन-भिंग लहान राहते; एकच बंदूक असली, की भिंग मोठे करता येते आणि ठिपका रेखीव पडतो. भोकांच्या जागी उभ्या फटी आल्याने अधिक इलेक्ट्रॉन पडद्यापर्यंत पोहोचू लागले. फटींमधल्या धातूच्या पट्ट्या उभ्या ताणून बसवाव्या लागत, म्हणून पडदाही दंडगोलाच्या तुकड्यासारखा असे. असा जुना संच मिळाला तर पडद्यावर पट्टी उभी धरून पाहा. ती चिकटून बसेल. मग आडवी धरा, टोकांशी फट दिसेल.

माझ्या मते, नवी नलिका हाती होती म्हणूनच सोनीचा स्वतंत्र संच करण्याचा हट्ट सार्थ ठरला. पुढे द्रव-स्फटिकांचे पडदे आले. त्यांच्यासाठी सोनीने २००४ मध्ये कोरियातील सॅमसंगबरोबर भागीदारीत कंपनी काढली आणि २०११ च्या अखेरीस त्यातला आपला हिस्सा सॅमसंगलाच विकायचे ठरवले. ट्रिनिट्रॉनचे उत्पादन त्याआधीच, २००८ मध्ये, थांबले होते.