गारवा कापडात नव्हे, हवेत!

गोल्फच्या मैदानासाठी तयार झालेले ‘तापमान राखणारे’ शर्ट आता शहरांतील बड्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात सहज मिळतात. किंमत काही हजार रुपये आणि भर उन्हातही अंग थंड ठेवण्याची हमी. गडकोटांवर जाणारे ट्रेकर, पहाटे धावणारे हौशी धावपटू, मोटारसायकलवरून कोकणात उतरणारे पर्यटक हे शर्ट आवडीने घेतात. ही हमी कितपत खरी, हे पारखायचे तर महाड-पोलादपूरसारखी जागा नाही; कारण या टापूत एका उन्हाळ्यात दोन उन्हाळे येतात.

एका खोऱ्यातले दोन उन्हाळे

सह्याद्रीच्या पायथ्याशी, सावित्रीच्या खोऱ्यात वसलेले हे दोन्ही तालुके समुद्रकिनाऱ्यापासून बरेच आत आहेत. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वरची थंड हवा लागते. खाली खोऱ्यात मात्र उष्णता कोंडून राहते. मार्चमध्ये देशावरून येणारे कोरडे वारे घाट उतरताना आणखी तापतात. रायगड जिल्ह्याच्याच अंतर्भागातील भिरा येथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, ते अशाच दिवसांत. मे सरता सरता चित्र पालटते. पारा खाली येतो, पण बाष्पाने हवा जड होते आणि अंगाची चिकचिक थांबत नाही.

महाडच्या गर्दीचे दोन मोठे दिवसही नेमके या दोन उन्हाळ्यांत येतात. १९२७ च्या सत्याग्रहाच्या स्मरणार्थ २० मार्चला चवदार तळ्यावर जनसमुदाय लोटतो, तेव्हा उन्हाचा कोरडा चटका सुरू झालेला असतो. ६ जूनला शिवराज्याभिषेक सोहळ्यासाठी हजारो लोक समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंचीचा रायगड चढतात, तेव्हा पाऊस उंबरठ्यावर असतो आणि हवा घामट. एकच शर्ट या दोन दिवशी दोन तऱ्हांनी वागतो.

माठाचे गणित

विदर्भात माठातले पाणी गारेगार होते. कोकणात तोच माठ तितका गार होत नाही. माठाच्या छिद्रांतून झिरपलेले पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल, तर ते उडायला जागाच उरत नाही. माणसाची त्वचा म्हणजे असाच एक माठ.

गड चढणाऱ्या माणसाच्या शरीरात सेकंदाला सुमारे ५०० ज्यूल उष्णता तयार होते. ती बाहेर पडली नाही, तर शरीराचे तापमान झपाट्याने वाढू लागते. एक लिटर घाम पूर्णपणे उडाला तर तो सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, म्हणजे तासाभराच्या चढाईची उष्णता निपटून वर काही उरते. अट एकच, घाम उडाला पाहिजे. हनुवटीवरून ठिबकणारा घाम शरीरातले पाणी आणि मीठ तेवढे नेतो, गारवा देत नाही.

म्हणूनच शास्त्रज्ञ ‘वेट बल्ब’ तापमान पाहतात. थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळून, त्यावर वारा घालून घेतलेले हे माप. ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना ते सुमारे २४ अंश भरते. ३५ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असताना मात्र सुमारे ३०. म्हणजे पारा सात अंशांनी कमी असूनही शरीराच्या दृष्टीने दुसरा दिवस अधिक कठीण. हे माप ३५ अंशांवर गेले तर घामाचा उपाय संपतो, असे २०१० मध्ये मांडले गेले. २०२२ मध्ये अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगांत तर तरुण, निरोगी व्यक्तींचीही मर्यादा दमट हवेत सुमारे ३१ अंशांवरच आढळली.

कापडातली करामत

खेळाचा शर्ट हवेशीर असावा, ही कल्पना जुनी आहे. फ्रेंच टेनिसपटू रेने लाकोस्त यांनी १९२० च्या दशकात लांब बाह्यांचा कडक शर्ट टाकून जाळीदार विणीचा, आखूड बाह्यांचा सुती शर्ट वापरला. आजच्या गोल्फ शर्टाचा तो पूर्वज. पुढे सुताची जागा पॉलिएस्टरने घेतली. कापूस आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा सहज धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. ‘ड्यूपाँ’ कंपनीने १९८६ मध्ये आणलेल्या ‘कूलमॅक्स’ धाग्याला लांबीभर खाचा होत्या. कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढते, तसा घाम या खाचांतून केशाकर्षणाने बाहेरच्या बाजूला पसरतो आणि मोठ्या पृष्ठभागावरून लवकर उडतो. बहुतेक खेळांच्या शर्टांचे तंत्र आजही हेच आहे आणि ते खरोखर उपयोगी आहे.

दुसरा प्रकार मेणाचा. ‘नासा’च्या पाठबळाने १९८० च्या दशकात अंतराळवीरांच्या हातमोज्यांसाठी झालेल्या संशोधनातून तो पुढे आला. पॅराफिन मेणाच्या सूक्ष्म कुप्या कापडात बसवतात. सुमारे २८ अंशांवर मेण वितळते आणि वितळताना उष्णता शोषते. ऐकायला हे अद्भुत वाटते. हिशेब मात्र निराळे सांगतो. शर्टात २० ग्रॅम मेण आहे असे धरले आणि ग्रॅममागे २०० ज्यूल उष्णता शोषली, तर एकूण झाली ४,००० ज्यूल. गड चढणारे शरीर तेवढी उष्णता आठ सेकंदांत तयार करते! शिवाय बाहेर ३५ अंश असताना वितळलेले मेण पुन्हा गोठत नाही. वातानुकूलित मोटार आणि क्लब हाऊस यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या गोल्फपटूला त्याचा थोडा लाभ मिळेल. रायगडाच्या पायऱ्यांवर वातानुकूलन कुठून येणार?

तिसरा प्रकार अजून प्रामुख्याने प्रयोगशाळेतला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील यी क्वी यांच्या गटाने २०१६ मध्ये सूक्ष्म छिद्रांचे पॉलिथिन कापड सादर केले. ते शरीरातून बाहेर पडणारी अवरक्त किरणे अडवत नाही. सुती कापडाच्या तुलनेत त्वचा सुमारे दोन अंशांनी थंड राहते. २०१९ मध्ये मेरीलँड विद्यापीठाने घाम आला की आपोआप मोकळा होणारा धागा तयार केला. मात्र असा लाभ भोवताल त्वचेहून थंड असेल तेव्हाच. तापलेला कातळ उलट आपल्याच दिशेने किरणे फेकत असतो.

शर्टापलीकडचा प्रश्न

या साऱ्याचा अर्थ असा, की मार्चच्या कोरड्या वाऱ्यात घाम पसरवणारा शर्ट चांगले काम करतो; पण तेव्हा साधा, सैल सुती सदराही काम करतोच, कारण ओल्या सुतावरून वारा वाहिला की त्याचाच माठ होतो. जूनच्या दमट हवेत पॉलिएस्टर अंगाला कमी चिकटते आणि लवकर वाळते. आराम वाटतो, पण त्या प्रमाणात शरीर थंड होत नाही. खरा धोका इथेच आहे. अंग कोरडे वाटले म्हणून थांबायचे, सावली शोधायची, पाणी प्यायचे राहून जाते. शर्ट लेबलवर काहीही म्हणो, हवेतले बाष्प तो कमी करू शकत नाही.

याच जिल्ह्यातील खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्रभूषण पुरस्कार सोहळ्यासाठी लाखोंचा समुदाय भर उन्हात बसला होता. त्या उन्हाने १४ जणांचा बळी घेतला. तिथे उणीव होती ती सावलीची. कापड कोणतेही असते तरी ती भरून निघाली नसती.

मेणाच्या तंत्राची खरी गरज आहे ती महाडच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी. रासायनिक कारखान्यात संरक्षक पोशाख चढवला की घाम उडण्याचा मार्गच बंद होतो. तिथे दोन किलो मेणाचे जाकीट सुमारे ४०० किलोज्यूल उष्णता शोषू शकते, म्हणजे मध्यम कष्टाच्या कामात वीसेक मिनिटांची उसंत. शर्टात शोभेचे ठरणारे तंत्र जाकिटात कामाचे ठरते, ते असे.

ग्राहकासाठी कसोटी सोपी आहे. ‘थंडावा’ हा शब्द वाचण्यापेक्षा कापड सैल, पातळ, फिक्या रंगाचे आणि जाळीदार आहे का ते पाहावे. घाम पसरवणारा शर्ट धुताना कापड मऊ करणारे द्रव्य वापरू नये. त्याचा थर बसला की धाग्याचे केशाकर्षण मंदावते. गड पहाटे चढावा, दुपारी सावलीत टेकावे, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी घ्यावे. चक्कर, मळमळ, बडबड सुरू झाली तर शर्ट काढून अंग भिजवावे, वारा घालावा आणि तातडीने रुग्णालय गाठावे. त्या क्षणी पाणी आणि वारा यांइतके प्रगत तंत्रज्ञान दुसरे नाही.