गन चालते अडीच तास

सकाळी 6.45

निगडीच्या यमुनानगरातून तळवड्यातल्या शेडपर्यंत स्कूटरने पाव तास, त्रिवेणीनगर चौकात ट्रक आडवे आले तर अर्धा. आज शुक्रवार. पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसी पट्ट्यात गुरुवारी सुट्टी, म्हणून आमचा आठवडा शुक्रवारी उजाडतो. श्रावणाची रिपरिप रात्रभर चालू होती. शेवाळलेल्या भिंती, हिरवागार दुर्गा टेकडीचा उतार, सगळं छान. पण रंगकामाची इनचार्ज असलेल्या बाईला पाऊस दिसला की आधी कॉम्प्रेसर आठवतो.

आमचं काम जॉबवर्कचं. आकुर्डी, चाकणच्या मोठ्या कंपन्यांत बॉडी अख्खी टाकीत बुडते, विजेच्या जोरावर प्रायमर चढतो आणि वरचा रंग रोबोट मारतो. त्या टाकीत जे मावत नाही किंवा ज्याचे नग फार थोडे असतात, ते आमच्यासारख्या शेडमध्ये येतं: वेल्डिंगच्या फ्रेम, मशिनचे बेड, हायड्रॉलिक ऑइलच्या टाक्या. दोन बूथ, हवा न मिसळता नुसत्या दाबाने रंग फेकणारा एक एअरलेस पंप, रंग फवारायच्या चार गन आणि माणसं.

7.10

रिसीव्हर टाकीखालचा ड्रेन वाल्व उघडला. आधी फुरफुर, मग तपकिरी पाण्याची धार. नवीन आलेला लातूरकडचा पोरगा विचारतो, "मॅडम, टाकी बंद असताना पाणी आलं कुठनं?"

हवेतूनच आलं. पावसाळ्यात आपल्याकडच्या 1 घनमीटर हवेत साधारण 20 ग्रॅम वाफ असते. 7 बारला दाबायचं म्हणजे, बाहेरच्या हवेचा 1 बार धरून, अशी 8 घनमीटर हवा 1 घनमीटरमध्ये कोंबायची. वाफ झाली 160 ग्रॅम. पण तेवढ्या जागेतली हवा गार झाल्यावर जेमतेम 25 ग्रॅम वाफ धरू शकते. बाकीचं पाणी होऊन तळाशी बसतं. ते काढलं नाही तर पाइपातून गनमध्ये, गनमधून जॉबवर. रंगाला फोड येतात, पीयूत (पॉलियुरेथेन रंगात) बुडबुडे धरतात आणि महिन्याभराने गिऱ्हाईक फोटो पाठवतं. पोराने मान डोलावली. गणित कळलं की नाही माहीत नाही, पण वाल्व कुठला ते कळलं, आजपुरतं तेवढं पुरे.

एअर लाइनवरच्या फिल्टर-रेग्युलेटरच्या (एफआरएल) काचा पुसल्या, ड्रायर चालू केला. होजच्या कपलिंगवर साबणाचं पाणी मारलं, एक गळकं निघालं. होज दुरुस्त करत नाहीत, बदलतात. निदान एअरलेसची तरी. चिकटपट्टी गुंडाळलेली होज मी दिसल्या क्षणी कापून टाकते, म्हणजे पुन्हा कुणी "आजच्या दिवस चालवू" म्हणायला नको.

8.00

हुक. या कामाला मान नाही, म्हणून यावरच जरा थांबते.

जॉब ज्या हुकांवर लटकतात त्यांच्यावर रोज थोडा रंग बसतो. आठवड्यात हुक अंगठ्याएवढा जाड होतो. लोकांना वाटतं, हुक रंगला तर रंगला, त्याला कोण बघतंय. पण वाळलेला रंग वीज नेत नाही. हुकावर रंगाचा थर चढला की जॉब आणि जमीन यांचा संबंध तुटतो. गनमधून रंग वेगाने सुटतो तेव्हा स्थिर वीज तयार होते. जॉब अर्थ नसेल तर ती त्याच्यावर साठत जाते, आणि कुणीतरी हात नेला की चट्कन ठिणगी. थिनरमध्ये टोल्युइन असतं. त्याची वाफ 4 अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते, म्हणजे निगडीच्या कडाक्याच्या थंडीतही त्याला निमित्तच हवं असतं. वाफ हवेपेक्षा जड, ती खाली बसते, जमिनीवरून सरपटते, पिटात साठते. वास नाकाशी कमी झाला म्हणजे ती गेली असं नाही.

म्हणून हुक रोज घासायचे, टोकं उघडी करायची. मग मल्टिमीटर घेऊन मी जॉबपासून अर्थ पट्टीपर्यंत मोजते. रोधाची मर्यादा 1 मेगाओहम, आमचं माप त्याच्या कितीतरी खाली यायला हवं. पंपाची अर्थ वायर, थिनरची बादली, रंगाचा ड्रम, सगळ्यांना क्लॅम्प. बादली पत्र्याचीच. प्लॅस्टिकची बादली हलकी, स्वस्त आणि जिकडेतिकडे मिळणारी. म्हणूनच ती बूथमध्ये शिरते आणि म्हणूनच मी ती बाहेर फेकते.

डिसेंबर 2023 मध्ये याच तळवड्यात वाढदिवसाच्या फुलबाज्यांच्या शेडला आग लागली आणि आत काम करणाऱ्या बायका होरपळून गेल्या. माल वेगळा, पण शेड आमच्यासारखीच होती, पत्र्याची. त्यानंतर बूथचं मागचं दार आतून बाहेर ढकललं की उघडतं का, हे मी सकाळी स्वतः ढकलून बघते.

9.15

शेडमध्ये 25 अंश, आर्द्रता 88 टक्के. दवबिंदू येतो 23 च्या आसपास. पत्र्याचं तापमान 24. नियम असा की पत्रा दवबिंदूपेक्षा निदान 3 अंशांनी गरम हवा. नाहीतर डोळ्याला न दिसणारा ओलावा रंगाखाली अडकतो. थांबायचं.

मालकांचा फोन: "टेम्पो चारला येतोय, सुरू केलं का?" नाही केलं. मालक वाईट नाहीत, टेम्पो वाईट आहे.

थांबण्याचा वेळ वाया जात नाही. मामा, म्हणजे आमचे जुने पेंटर, प्रायमर घुसळायला घेतात. इपॉक्सी प्रायमरमध्ये हार्डनर टाकल्यावर आमच्या मालाला अर्धा तास मुरू द्यावं लागतं. तोवर रंग किती पातळ झाला ते बघायला बी-4 कपात रंग भरून धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. गनच्या टॉपकोटला 20 च्या जवळपास आले की हात थांबवायचा. एअरलेसला एवढं पातळ लागत नाही, आणि तिथे थिनर जास्त ओतणाऱ्याला मामा रागाने नुसतं बघतात.

10.30

27 अंश, 76 टक्के. पत्रा 26. दवबिंदू 22 वर आलाय. चला.

आधी एक्झॉस्ट, मग गन. हा क्रम कुणाच्या लक्षात राहण्यावर सोडलेला नाही: गनच्या हवेच्या लाइनवर सोलेनॉइड वाल्व बसवलाय, पंखा फिरत नसेल तर हवा सुटतच नाही. महावितरणची लाइट गेली तरी रिसीव्हरमध्ये हवा शिल्लक असते, आणि पूर्वी माणसं तेवढ्यात "हा एक साइड संपवू" म्हणून बंद बूथमध्ये रंग मारत राहायची. आता तसं होत नाही. बूथमधले दिवे फ्लेमप्रूफ. मोबाइल बाहेरच्या खोक्यात.

मोठ्या फ्रेमला एअरलेस. आमचा पंप 30:1 चा. हवा 5 बार दिली की रंग 150 बारने निघतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतात, यावरून काय ते समजा. टिप 517 नंबरची: पहिला आकडा दुप्पट केला तर फूटभर अंतरावरून 10 इंचांचा पट्टा, पुढचे दोन म्हणजे भोक इंचाच्या 17 हजारांश भागाएवढं.

पोराला मी पहिल्या दिवशी गन हातात देत नाही. भिंतीवरचा कागद वाचून दाखवायला लावते. मराठीत आहे, खाली हिंदीत. टिप चोंदली तर बोट लावू नये. ट्रिगर लॉक करावा, टिप उलटी फिरवावी, बादलीत फवारा मारावा, पुन्हा सरळ करावी. गन कुणाकडे रोखू नये, रिकामी असली तरी. आणि शेवटची ओळ लाल अक्षरात: अंगात रंग घुसला तर ती जखम दिसायला टाचणी टोचल्याएवढी असते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, तरीही तडक वायसीएम रुग्णालयात जावं, 'हाय प्रेशर इंजेक्शन' झालंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं आणि रंगाच्या डब्याचा कागद सोबत न्यावा. ही शस्त्रक्रियेची केस आहे. पट्टी बांधून घरी पाठवलं तर आत रंग आणि थिनर पसरत राहतं आणि काही तासांच्या उशिराने बोट कापायची वेळ येते.

मामांचा हात सुरू झाला. मनगट वळत नाही, खांदा सरकतो. अंतर एक फूट, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर. ट्रिगर जॉबच्या अलीकडे दाबायचा, पलीकडे सोडायचा. पावणेबाराला फ्रेम झाल्या.

दुपारी 12.30

जेवण बूथपासून लांब, हात धुऊन. थिनरने नव्हे, साबणाने. मामांचा उपास, साबुदाण्याची खिचडी आणि केळी.

1.30

आता पीयू टॉपकोट, हाताच्या गनने. आणि आता भांडण.

मामांनी श्रावणात दाढी केलेली नाही. दरवर्षी करत नाहीत. मास्कची रबरी कड गालाला घट्ट बसावी लागते; खुंटांतून हवा आत येते आणि मास्क शोभेचा उरतो. दोन वर्षांपूर्वी मी या विषयावर व्याख्यान दिलं होतं, त्याने काहीच झालं नाही. आता उपाय साधा आहे: श्रावणात मामांना पूर्ण डोक्यावरून येणारा, बाहेरून हवा पुरवणारा हूड. त्याला गालाची गरज नाही. "ताई, यात मी अंतराळवीर दिसतो," म्हणतात, पण घालतात. हुडाची हवा वेगळ्या, बिनतेलाच्या कॉम्प्रेसरमधून. गनच्या लाइनची हवा माणसाला द्यायची नसते, तिच्यात तेलाची वाफ असते आणि कॉम्प्रेसर तापला तर कार्बन मोनॉक्साइडही.

एवढा खटाटोप हार्डनरसाठी. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळमध्ये सुटलेला वायू याच कुळातला, पण हे भावंड स्वभावाने वेगळं: आपणहून फारसं उडत नाही. गन त्याचं धुकं करते, तेव्हा ते छातीत जातं. धोक्याच्या पातळीला त्याचा वास येत नाही, म्हणून "मॅडम, वास तर काहीच नाही" याला अर्थ नाही. त्रासही लगेच होत नाही. रात्री घरी खोकला, छाती आवळल्यासारखी. एकदा का शरीराला त्याचं वावडं झालं की पुढे थोड्याशा धुक्यानेही दमा उसळतो आणि त्या माणसाला हा धंदा सोडावा लागतो. चांगले पेंटर असे गेलेले मी पाहिलेत, सगळे म्हणाले, "थंडी बाधली."

गंमत म्हणजे ही गन जन्माला आली घशाच्या डॉक्टरकडे. अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या ॲलन डेव्हिलबिस यांनी 1880 च्या दशकात रोग्याच्या घशात औषध फवारायचं उपकरण केलं. त्यांच्या मुलाने 1907 च्या सुमारास त्याच तत्त्वावर रंगाची गन बनवली.

साध्या गनमधून निघालेल्या रंगाचा निम्म्याहून अधिक भाग जॉबवर बसतच नाही. तो फिल्टरवर जातो किंवा फुप्फुसात. कमी दाबाची, जास्त हवेची एचव्हीएलपी गन निम्म्यापेक्षा बराच जास्त रंग जॉबवर टिकवते, कारण तिच्या टोपीवर दाब 10 पीएसआयच्या वर जात नाही. ती आणल्यावर रंगाचा खर्च उतरला. मालकांना ती त्यामुळे आवडते, मला धुक्यामुळे. दोघांचं जमलं.

आजचा रंग पिवळा. डबा घेताना शिशाचा आहे का ते मी विचारते. नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची मर्यादा आहे. औद्योगिक रंग त्या नियमात येत नाही. तेव्हा विचारायचं आपणच.

पावणेतीनला शेवटचा जॉब. सकाळचा सव्वा तास आणि आताचा सव्वा तास, दिवसभरात गन चालली ती एवढीच.

3.00 ते 5.00

वाळणं, मोजणं. मायक्रॉन मीटर टेकवत, रंगाची जाडी बघत फिरायचं. दोन ब्रॅकेटवर रंग ओघळला, ते घासून उद्या. टेम्पो आला, चहा पिऊन उभा राहिला, आधीच्या लॉटचा माल घेऊन गेला.

5.15

दिवसाचा सर्वांत धोक्याचा तास हा. माणसं थकलेली, घड्याळाकडे बघणारी, आणि थिनर उघडं.

पंपाची हवा बंद. ट्रिगर लॉक. मग लॉक काढून गन पत्र्याच्या बादलीच्या कडेला टेकवायची आणि ट्रिगर दाबायचा, म्हणजे होजमधला दाब उतरतो. पुन्हा लॉक. मग ड्रेन वाल्व उघडायचा. पंप बंद केला म्हणजे दाब गेला असं समजणाराच टिप खोलायला जातो. धुताना दाब कमीतकमी, टिप काढलेली, आणि एक्झॉस्ट चालूच. पंखा बंद करून गन धुणं हा आमच्या पट्ट्यातला जुना रोग आहे: रंग मारून झाला, आता विजेचं बिल कशाला?

उरलेला प्रायमर डब्यात बंद करून ठेवायचा नाही. हार्डनर पडलेला इपॉक्सी गठ्ठ्याने राहिला की आपोआप तापतो, धूर येईपर्यंत. पसरट ट्रेमध्ये, बूथबाहेर. रंगाचे फडके, भरलेले फिल्टर झाकणाच्या ड्रममध्ये, पाण्यात. रंगाचा गाळ वेगळ्या ड्रममध्ये, तो रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात जातो, किलोवर पैसे मोजून.

6.30

उद्याच्या कोटेशनचा मेल. गिऱ्हाईक लिहितं: दर चौरस फुटावर द्या, शेजारच्या शेडपेक्षा कमी असावा. शेजारची शेड मला माहीत आहे. तिच्या दरात हुक घासणं नाही, हूड नाही, रांजणगाव नाही. चौरस फूट फक्त ट्रिगर दाबलेला वेळ मोजतो. बाकीचे आठ-नऊ तास कुणाच्याच हिशेबात नसतात, म्हणून घाई झाली की पहिली कात्री त्यांनाच लागते. पेंटरच्या बेफिकिरीवर पोस्टर लावणाऱ्यांनी एकदा ही कोटेशनं वाचावीत.

मी उत्तरात दोन वेगळ्या ओळी टाकल्यात: फिल्टर व कचरा विल्हेवाट, श्वसन साधनं. पर्चेसमध्ये बसलेल्या मंडळींना एवढीच विनंती: त्या ओळी खोडू नका, आणि ज्याच्या कोटेशनमध्ये त्या नाहीत त्याच्या शेडमध्ये एकदा संध्याकाळी सव्वापाचला जाऊन उभे राहा.