विकायला निघालेली जुनी रोडस्टर कशी वाचावी?

जानेवारी २०२३ मध्ये आपल्या लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात जुन्या मोटारींची मोठी स्पर्धा भरली होती. अशी गाडी दिसली की लोक आधी किंमत विचारतात. इतिहास लिहिणाऱ्याने मात्र आधी वेगळंच विचारावं: ही गाडी जपलेली आहे, की नव्याने घडवलेली? उदाहरणाला मर्सिडीज-बेंझ १९० एसएल घेऊ.

रोडस्टर म्हणजे दोन माणसांची, कापडी टपाची गाडी. १९० एसएल मे १९५५ ते फेब्रुवारी १९६३ या काळात बनली, एकूण २५,८८१. दिसायला ती थोरल्या ३०० एसएलची धाकटी बहीण. पण तिचा तळ साध्या १८० सेडानचा, आखूड केलेला. इंजिन चार सिलिंडरचं, १,८९७ सीसी, १०५ अश्वशक्तीचं. दोन सोलेक्स कार्ब्युरेटर. हे सोलेक्स जुळवून ठेवायला कटकटीचे, म्हणून बऱ्याच मालकांनी पुढे वेबर बसवले. सोलेक्स जागेवर असतील तर कोणीतरी चिकाटीने गाडी सांभाळली आहे, असं समजायला हरकत नाही.

दुसरी तपासणी चुंबकाची. या गाडीचे दरवाजे, बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं. बाकी अंग पोलादी. चुंबक दरवाजाच्या पत्र्याला चिकटला, तर पत्रा बदललेला. मडगार्डला चिकटलाच नाही, तर रंगाखाली पुट्टीचा जाड थर. नवा रंग डोळ्यांना फसवतो, चुंबकाला नाही.

तिसरी तपासणी नंबरांची. चेसिस आणि इंजिन, दोन्हींचे मूळ नंबर १२१ ने सुरू होतात. आपल्याकडे सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा परदेशी गाड्यांत डिझेल इंजिन बसवायची चाल पडली. त्यामुळे इंजिनाचा नंबर आरसी बुकाशी ताडून बघायलाच हवा.

आणि इथेच आपल्या शहराचा इतिहास येतो. १ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आणि १ मे १९६० ला गुजरात वेगळं झालं. म्हणजे १९५५ ते १९६० मध्ये इथे नव्याने नोंदलेल्या गाडीची पहिली नोंद मुंबई राज्याचीच असणार. नुसत्या गुजरातच्या नंबर प्लेटवरून ही पहिली पाच वर्षं कळत नाहीत; त्यासाठी जुनं बुकच लागतं.

ही केवळ हौस नाही. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. पण चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. नोंदणी शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. रोजच्या वापराला अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे जुना कागद हरवला, की गाडीचं वय सांगणारा साक्षीदारच गेला.

गाडी विकली गेली म्हणून वाईट वाटून घेऊ नये. नवा मालक कदाचित जास्त जपेल. वाईट वाटतं ते फाइलचं. आयातीचा कागद, जकातीची पावती, पहिलं बुक, गॅरेजची बिलं हे सगळं गाडीबरोबर जातं किंवा रद्दीत पडतं. मग ती गाडी बडोद्यात कोणाच्या दारी, कशी आली, हे सांगणारं इथे काहीच उरत नाही. म्हणून ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांना एवढंच सांगणं: सौदा जरूर करा, पण चावी देण्याआधी प्रत्येक कागदाचा आणि ठोकलेल्या नंबरांचा स्वच्छ फोटो काढून ठेवा. गाडी पुण्यात गेली किंवा दिल्लीत, तिचा बडोद्यातला काळ तरी इथे राहील.