होकायंत्राची बाधा : महाड-पोलादपूर परिसरातील ड्रोन-चित्रणासंबंधी काही विचार

१९६६ साली अमृत माधव घाटगे ह्यांचा महाडच्या कुणबी बोलीवरील ग्रंथ मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत प्रसिद्ध झाला. त्या काळी क्षेत्रकार्यास निघणाऱ्या अभ्यासकाच्या सामानात वही, पेन्सिल आणि फार तर एखादे ध्वनिमुद्रणयंत्र असे. आज त्याच परिसरात जाणारा विद्यार्थी सोबत एक छोटे ड्रोनही नेतो, आणि त्यात वावगे काही नाही. महाड आणि पोलादपूर ह्या तालुक्यांत ‘गाव’ हे पुष्कळदा महसुली कागदावरचे नाव असते. माणसे राहतात ती वाड्यांत. ह्या वाड्या डोंगराच्या सोंडांवर आणि घळींच्या अल्याडपल्याड विखुरलेल्या असतात. कोणत्या वाडीची पायवाट कोणत्या वाडीस मिळते, हे कळल्यावाचून बोलीतील लहानसहान भेदांचा उलगडा होत नाही. शिवाय २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. तेव्हापासून डोंगरउतारावरील वाड्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न तीव्र झाला आहे. वाडी हलली की शेजार बदलतो, आणि शेजार बदलला की कालांतराने बोलीही बदलते. तेव्हा वाडीची मूळ रचना ती शाबूत आहे तोवर वरून टिपून ठेवणे, ही आता हौसेची बाब राहिलेली नाही.

परंतु ह्या कामात एक विघ्न वारंवार येते. ड्रोन जमिनीवरून सुरळीत उठते, पुरुषभर उंचीवर स्थिर होते आणि मग, चालकाने काहीही न करता, वर्तुळे घेऊ लागते. वर्तुळे मोठी होत जातात. क्वचित यंत्र एका दिशेने निघते ते दरीत दिसेनासे होईपर्यंत थांबत नाही. दोष सहसा वाऱ्यास किंवा यंत्र बनविणाऱ्यास दिला जातो. पुष्कळदा खरे कारण असते ते उड्डाणासाठी निवडलेली जागा.

हे कसे घडते ते समजून घेण्यास फारसे गणित लागत नाही. ड्रोनला आपण कोठे आहोत हे उपग्रहांच्या संदेशांवरून कळते. परंतु आपले तोंड कोणीकडे आहे हे एका जागी स्थिर असताना उपग्रह सांगू शकत नाहीत. ते सांगण्यासाठी यंत्रात नखाएवढे होकायंत्र असते. त्यात सुई नसते. परस्परांस लंब अशा तीन दिशांनी चुंबकीय क्षेत्र मोजणारी संवेदके असतात. समजा, वाऱ्याने यंत्र दोन हात पूर्वेस सरकले. ते दुरुस्त करण्यासाठी त्याने पश्चिमेस जावयास हवे. होकायंत्र वीस अंशांनी चुकत असेल, तर यंत्र पश्चिमेऐवजी वीस अंश तिरपे जाईल, पुन्हा दुरुस्ती करील, आणि वळसे घेत का होईना मूळ जागी येईल. चूक जसजशी वाढते तसतसे हे वळसे मिटेनासे होतात. ती नव्वद अंशांपलीकडे गेली, तर प्रत्येक दुरुस्ती यंत्रास मूळ स्थानापासून आणखी दूर लोटते. आणि जितके दूर, तितकी दुरुस्ती जोरकस! प्रत्यक्षात यंत्राच्या प्रतिसादास थोडा विलंब लागत असल्यामुळे ही अवस्था नव्वद अंशांच्या पुष्कळ अलीकडेच येते.

येथे एक गोष्ट मनाशी पक्की करावी. ज्यास आपण होकायंत्राची चूक म्हणतो ती वस्तुतः त्याची चूक नव्हेच. ज्या बिंदूवर ते आहे त्या बिंदूवरील सर्व चुंबकीय क्षेत्रांची बेरीज ते इमानाने सांगते. पृथ्वीचे क्षेत्र कोणते आणि शेजारच्या लोखंडाचे कोणते, हा भेद त्यास करता येत नाही. आपल्या परिसरात पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ४२-४३ मायक्रोटेस्ला आहे, आणि त्याचा दिशादर्शनास उपयोगी पडणारा आडवा घटक सुमारे ३८. ब्रिटनमध्ये हा आडवा घटक ह्याच्या जवळजवळ निम्मा भरतो. म्हणजे तेथल्यापेक्षा आपल्याकडील होकायंत्र बाह्य प्रभावास अधिक दाद न देणारे. तरीही ह्या घटकास लंब दिशेने सातएक मायक्रोटेस्लाचे परके क्षेत्र मिसळले की दिशा दहा अंशांनी ढळते. चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर ह्यांतील फरक, ज्यास दिक्पात म्हणतात, तो मात्र येथे एक अंशाहूनही कमी आहे. त्याची चिंता महाड-पोलादपुरात करावयास नको.

रायगड जिल्ह्याला ह्या विषयाचा वारसा आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकत्वाच्या नोंदी होत असत; सप्टेंबर १८५९ मधील सुप्रसिद्ध चुंबकीय वादळाची तेथील नोंद आजही अभ्यासली जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या ट्राम विजेवर चालविण्याचे ठरले, तेव्हा संचालक नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस ह्यांच्या ध्यानी आले की रुळांतून जाणारा एकदिश प्रवाह वेधशाळेच्या सुया हलविल्याशिवाय राहणार नाही. नोंदींतून ट्रामचा परिणाम वजा करण्याची काही युक्ती शोधता आली असती. मूस ह्यांनी तसे केले नाही. त्यांनी वेधशाळाच अलिबागेस नेली. तेथील इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरी दगड आणला, लोखंडाच्या जागी तांब्यापितळेचे सामान वापरले, १९०४ पासून सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेऊन मेळ बसविला, आणि मगच कुलाब्याचे काम थांबविले. ट्राम विजेवर धावू लागली ती १९०७ साली.

मूस ह्यांच्या ह्या निर्णयात आपल्या विषयाचे मर्म आहे. इंग्रजी पुस्तिकांत ज्यास सरसकट एक नाव आहे, त्याचे मराठीत ‘हस्तक्षेप’ असे भाषांतर रूढ होऊ पाहत आहे. मला ते पटत नाही. येथे कोणाचा हात नाही नि क्षेपही नाही. त्यापेक्षा ‘बाधा’ हा कोकणातल्या घराघरांत ठाऊक असलेला शब्द अधिक नेमका आहे, कारण बाधा अंगचीही असते आणि जागेचीही असते, हे त्या शब्दाबरोबरच गृहीत आहे. ड्रोनच्या बाबतीत हाच भेद निर्णायक ठरतो. यंत्राच्या सांगाड्यातील पोलादी स्क्रू, मोटारींतील चुंबक, विजेरीच्या तारा ही अंगची बाधा. ती यंत्राबरोबर फिरते. ओट्याच्या सिमेंटमधील सळया, उभी जीप, विहिरीवरची जाळी ही जागेची बाधा. ती जागीच राहते.

अंशशोधन म्हणून जी क्रिया सांगितली जाते, म्हणजे यंत्र हातात धरून ते निरनिराळ्या अक्षांभोवती फिरविणे, ती केवळ अंगच्या बाधेवरचा उपाय आहे. यंत्र फिरले तरी जे क्षेत्र त्याच्या अंगास चिकटून राहते ते संगणक ओळखतो आणि वजा करतो. जागेची बाधा त्या क्रियेने जात नाही. इतकेच नव्हे, बाधित जागी अंशशोधन केल्यास त्या जागेचा विकार संगणक यंत्राचा म्हणून नोंदवून ठेवतो, आणि पुढे मोकळ्या हवेत, जेथे तो विकार नाही, तेथेही तो वजा करीत राहतो. सूचना आली की लगेच तेथल्या तेथे अंशशोधन करण्याची विद्यार्थ्यांची सवय म्हणूनच घातक आहे. सूचना आली तर आधी दहा पावले सरकावे. ती नाहीशी झाली तर दोष जागेचा होता.

दोन बाधा वेगळ्या ओळखण्याची एक साधी परीक्षा आहे. पडद्यावरील नकाशात यंत्राचे तोंड दाखविणारा बाण असतो. यंत्र एकाच जागी चारही दिशांस पाळीपाळीने वळवावे आणि दरवेळी बाण आणि प्रत्यक्ष दिशा ताडून पाहावी. जमिनीवर चूक आढळली आणि ती दिशेगणिक बदलत गेली, तर बाधा अंगची. चारही दिशांस ती सारखीच राहिली, तर बाधा जागेची. मग यंत्र तेच तोंड ठेवून जमिनीपासून छातीपर्यंत उचलावे. बाण हलला तर खाली लोखंड आहे असे समजण्यास प्रत्यवाय नाही. वर्णनात्मक भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास ही रीत ओळखीची वाटेल: एक घटक स्थिर ठेवून दुसरा बदलावयाचा आणि काय बदलते ते पाहावयाचे.

आता प्रत्यक्ष भूमीकडे वळू. महाड-पोलादपुरात सपाट जागा दुर्मिळ, आणि जी सपाट ती बहुधा माणसाने बांधलेली, म्हणजेच सळयांनी भरलेली! शाळेची गच्ची, मंदिराचा सभामंडप, रस्त्याची मोरी, साठवण टाकीचे झाकण, सावित्रीवरील पूल, ह्या साऱ्या जागा यंत्र ठेवण्यास सोयीच्या दिसतात आणि त्याच टाळावयाच्या असतात. सळई काँक्रीटच्या पृष्ठाखाली चारपाच सेंटिमीटरवर असते आणि छोट्या ड्रोनचे होकायंत्र जमिनीपासून वीतभरही उंच नसते. अशा जागी यंत्र आपली आरंभीची दिशाच चुकीची धरते. वर गेल्यावर होकायंत्र खरी दिशा सांगू लागते, परंतु परिभ्रमणमापक जमिनीवरची चुकीची दिशा धरूनच पुढे मोजत असतो. दोन साक्षीदारांची साक्ष अशी जुळेनाशी होते, आणि वर्तुळे तेथूनच सुरू होतात.

लहान लोखंडी वस्तूचा प्रभाव अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो: अंतर दुप्पट केले की प्रभाव एक-अष्टमांश. ह्या एका नियमात अर्धी उपाययोजना आली. नाइलाजाने गच्चीवरूनच उडवावयाचे असेल तर लाकडी मेज मांडून त्यावर यंत्र ठेवावे. मेजाचे खिळे किरकोळ, पण सळयांपासून मिळालेले हातभर अंतर मोलाचे. मेजही लोखंडी पायांचे नको, हे सांगणे न लगे. जीपपासून निदान आठदहा पावले दूर जावे. बॉनेटवरून उड्डाण तर कदापि करू नये. सर्वांत उत्तम जागा म्हणजे भात कापून झालेले खाचर किंवा शेणाने सारवलेले खळे, आणि त्यावर एक लाकडी पाट. वीर स्थानकाजवळ रूळ आणि खांब ह्यांच्यापासून दूर राहावे. विजेच्या वाहिन्यांबद्दल मात्र एक गैरसमज आहे. त्यांतील प्रवाह सेकंदास पन्नास वेळा आवर्तन करणारा असल्याने त्याचा परिणाम बव्हंशी सरासरीत विरून जातो, ट्रामच्या एकदिश प्रवाहासारखा तो एका बाजूस ओढत नाही. मनोऱ्याचे पोलाद आणि तारेस धडकण्याचा धोका ह्यांसाठी त्या टाळाव्यात.

राहिला खडक. ह्या भागातील काळा पाषाण दक्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. भूशास्त्रज्ञांनी त्याच्या थरांस येथलीच नावे दिली आहेत: पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. थंड होताना ह्या खडकाने तत्कालीन भूचुंबकत्व आपल्यात कोंडून घेतले, आणि पोलादपूर व आंबेनळी थरांच्या काळी ते आजच्या उलट होते. (गावाच्या नावातील फारसी ‘पोलाद’ आणि हे चुंबकत्व ह्यांची सांगड घालण्याचा मोह अभ्यासकाने आवरावा.) सपाट पसरलेल्या खडकाचा परिणाम ड्रोनला भोवेल इतका सहसा नसतो. मोठ्या सुट्या धोंड्यावर यंत्र ठेवू नये एवढे पुरे. अपवाद उघड्या शिखरांचा. वारंवार वीज पडलेला कातळ स्थानिकरीत्या फार प्रबळ चुंबकीय होतो आणि तेथे साधे हातातले होकायंत्रही पावलापावलास दिशा बदलते. तेव्हा सुळक्याच्या माथ्यावरून नव्हे, खालच्या मातीच्या सपाटीवरून उडवावे. तांबड्या रंगामुळे जांभ्याचे भय पुष्कळांना वाटते. परंतु त्यातील लोह बहुतांशी दुर्बळ चुंबकीय रूपात असते, आणि काळ्या पाषाणाइतकी त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

आपल्या विभागातील मंडळींनी स्वतःच्या सामानाकडेही पाहावे. ध्वनिमुद्रणाचे कर्णश्रवक आणि ध्वनिवर्धक ह्यांत बऱ्यापैकी चुंबक असतात. पिशवीची चाप-बटणे, भ्रमणध्वनीच्या वेष्टनाचे झाकण, मनगटी घड्याळाचा चुंबकी पट्टा हेही त्यातलेच. ड्रोन आणि ध्वनिवर्धक एका पिशवीत भरून प्रवास करू नये, आणि अंशशोधन करणाऱ्याने खिसे रिकामे करावेत. प्रश्नावली घेऊन बसलेल्या अभ्यासकाच्या उपस्थितीनेच निवेदक शुद्ध बोलू लागतो, हे आपण जाणतो. येथेही निरीक्षक आपले क्षेत्र बरोबर घेऊन येतो.

जमिनीवर सर्व ठीक दिसले तरी यंत्र तीनचार मीटर उंचीवर अर्धा मिनिट थांबवून पाहावे. जोर वाढताच तारांतील प्रवाह वाढतो आणि त्याचबरोबर त्याचे क्षेत्रही; म्हणून काही अंगच्या बाधा उड्डाणानंतरच प्रकट होतात. यंत्र जागी स्थिर राहिले तर पुढे जावे. ते वळसे घेऊ लागले तर तत्काळ उतरवावे. उतरविण्यास ते दाद देत नसेल, आणि स्थाननियंत्रण बंद करण्याची सोय यंत्रात असेल, तर ते बंद करून यंत्र हाताने चालवावे. अशा वेळी ‘घरी परत ये’ ही आज्ञा देणे म्हणजे ज्या दिशाज्ञानावर विश्वास उरलेला नाही त्याच्याच हवाली यंत्र करणे होय. भोवती माणसे जमलेली असतात, आणि वाडीत तर मुले हमखास असतात. त्यांना उड्डाणापूर्वीच वीस पावले मागे, शक्यतो एकाच बाजूस, बसवून घ्यावे.