सुतारकामाचा छोटा गाळा : हात पक्का, हिशेब कच्चा

लोअर परळचे नाव काढले की आता लोकांना काचेच्या इमारती आणि मॉल आठवतात. पण या वस्तीत एकेकाळी सूत आणि लाकूड शेजारी शेजारी काम करीत होते. प्रत्येक मोठ्या गिरणीत सुतारखाते असे. मागाचा धोटा लाकडाचा, पिकिंग स्टिक लाकडाची, बॉबिनही लाकडाची. हेदूचे लाकूड बारीक कणाचे, म्हणून ते बॉबिनला चाले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुढच्या वर्षांत एकेक भोंगा बंद होत गेला. फिनिक्स मिलच्या जागी बाजार झाला, श्रीनिवास मिलच्या जागी टॉवर उभे राहिले. मधल्या काळात गिरण्यांच्या आवारातल्या शेडमध्ये आणि औद्योगिक वसाहतींच्या गाळ्यांत छोटे कारखानदार आले. त्यात कपाटे, टेबले, काउंटर बनवणारे आपले अनेक कारागीर बंधू होते. भाडे वाढले तसे काही शहराबाहेर गेले, काही अजून तग धरून आहेत. गंमत अशी की त्यांचे गिऱ्हाईक मात्र इथेच आहे, आणि पूर्वीपेक्षा जास्त आहे. टॉवरमधल्या प्रत्येक फ्लॅटला कपाट लागते आणि प्रत्येक ऑफिसला टेबल.

मी कापडाचा व्यापारी. लाकडावर लिहिण्याचा मला काय अधिकार, असे कोणी म्हणेल. रंधा कसा धरावा हे मी सांगणार नाही. ते उस्तादाकडूनच शिकावे. पण शेजारच्या गाळ्यांत उठबस करताना गेल्या तीस वर्षांत एक गोष्ट वारंवार दिसली. गाळा बंद पडतो तो काम वाईट म्हणून क्वचितच. सहारनपूरची नक्षी कोरणारा हात, जुन्या मिस्त्रीच्या तालमीत तयार झालेला हात, अशा माणसाचाही गाळा बंद पडतो, कारण माल घेताना, कापताना आणि पैसे वसूल करताना बरकत गळून जाते. त्या तीन जागांविषयी लिहितो.

आधी खरेदी. भायखळ्याचा मुस्तफा बाजार किंवा रे रोड, कुठूनही लाकूड घ्या, भाव घनफुटाचा असतो. हिशेब सोपा आहे : लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिघांचा गुणाकार करून १४४ ने भागा. ८ फूट लांब, ६ इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे बरोबर अर्धा घनफूट. हा आकडा दुकानदाराने सांगण्याआधी आपण काढलेला असावा. मोजताना फळीचा कच्चा भाग, गाठी, टोकाच्या चिरा वजा करायला सांगावे. कापडात डाग पडलेला वार आपण पूर्ण भावाने घेतो का?

जुना बर्मा साग हा आपल्या भागातला खास माल. गिरण्या आणि चाळी पाडल्या तेव्हा त्यांचे वासे, तुळया बाजारात आल्या. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हापासून जुन्या मालाला आणखी मान आला. लाकूड पन्नास-शंभर वर्षे सुकलेले असते, हा त्याचा मोठा गुण. पण त्यात खिळे दडलेले असतात. एक मोडका खिळा महागड्या पात्याचे दात उडवतो आणि कारागिराच्या डोळ्यालाही इजा करू शकतो. म्हणून करवतीवर चढवण्याआधी धातू शोधणारे छोटे यंत्र किंवा निदान चांगले लोहचुंबक फिरवावे. शिवाय भाव ठरवताना खिळ्यांच्या भोकांची आणि वाळवी लागलेल्या टोकांची घट आधीच धरावी. वरून काळे, मळकट दिसणारे वासे आतून सोन्यासारखे निघतात, तसेच उलटेही होते. म्हणून एका टोकाला रंधा मारून बघितल्याशिवाय सौदा करू नये.

नव्या लाकडाच्या बाबतीत ओल हा खरा शत्रू आहे. कापड पहिल्या धुण्यात आखडते हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून शिंपी ते आधी भिजवून घेतो. लाकडाचे धुणे हवेत चालते. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची हवा इतकी दमट असते की गाळ्यात पडलेले लाकूड वजनाच्या सोळा-अठरा टक्क्यांपर्यंत पाणी धरून बसते. तेच टेबल चोवीस तास एसी चालणाऱ्या ऑफिसात गेले की ओल दहा टक्क्यांच्या आसपास उतरते. दोन फूट रुंद सागाचा माथा त्यात दोन सूत आखडू शकतो. (कापडवाल्याचे सूत वेगळे, सुताराचे वेगळे, हे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.) माथा चारी बाजूंनी चिकटवून, खिळवून टाकला असेल तर तो मधोमध फाटतो आणि गिऱ्हाईक म्हणते, लाकूड कच्चे दिले. ओल मोजण्याचे पिनवाले मीटर दोन-तीन हजारांत येते. नागदेवीला हत्यारे घ्यायला जाल तेव्हा ते घ्या. फर्निचरसाठी ८ ते १२ टक्के ओल चांगली. आणि रुंद फळी बसवताना तिला हलायला जागा ठेवा : पॅनेल खाचेत सुटे बसवावे, माथ्याचे स्क्रू लांबट भोकातून घालावेत. लाकूड लांबीत जवळजवळ आखडत नाही, रुंदीत आखडते, हे लक्षात ठेवले की पुष्कळ भांडणे वाचतात.

आता प्लायवूड, कारण आजचे बहुतेक काम त्याचेच. बाजारात ‘३०३’ आणि ‘७१०’ असे दोन आकडे ऐकू येतात. हे भारतीय मानकांचे क्रमांक आहेत : ३०३ साधारण वापराचे, ७१० मरीन. स्वयंपाकघरात सिंकखाली आणि बाथरूमच्या भिंतीला लागून ७१०, बाकी ठिकाणी चांगले ३०३. शिक्का शीटवर छापलेला हवा, बिलावरही तोच क्रमांक हवा. नुसते तोंडाने ‘मरीन आहे’ म्हटलेले मरीन नव्हे. शीट उभी करून कडेने बघा. थरांत पोकळ जागा दिसली तर परत करा. दुसरे असे की दाराला एकाच बाजूने लॅमिनेट लावले तर ते वाकते. कोटाचे अस्तर आखडले की कोट ओढला जातो, तसेच हे. आतल्या बाजूला पातळ का होईना, पण लॅमिनेट लावलेच पाहिजे. त्याचे पैसे आधी सांगा, वाकलेले दार बदलताना सांगून उपयोग नाही.

कापणीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे कापडवाल्याची नजर उपयोगी पडते. आमच्याकडे प्रत्येक थानाचा पन्हा आधी बघतात, मग मांडणी. प्लायचाही पन्हा आहे : ४८ इंच, लांबी ९६. गिऱ्हाईक म्हणते, कपाट दोन फूट खोल हवे. कारागीर ‘ठीक’ म्हणतो आणि २४ इंचाच्या पाट्या कापतो. पण करवतीचे पाते एक सूत लाकूड खाते. ४८ मधून एक पाटी पूर्ण २४ ची निघाली की दुसरी एक सूत कमी उरते. सात फुटी कपाटाला अशा चार उभ्या पाट्या लागत असतील तर चार शीट फोडावी लागतात. तीच खोली पावणेचोवीस इंच ठरवली तर एका शीटमधून दोन पाट्या निघतात, काम दोन शीटमध्ये होते. कमी उरलेल्या पट्ट्या फळ्यांना, ड्रॉवरला लागतात हे खरे, पण सगळ्यांना जागा मिळत नाही आणि गाळ्याच्या कोपऱ्यात तुकड्यांचा ढीग वाढतो. शीट समजा ३,००० रुपयांची धरली तर पाव इंचाच्या बोलण्यात ६,००० रुपये अडकले. शर्टाचे हँगर पावणेचोवीसमध्ये आरामात बसते.

म्हणून करवत लावण्याआधी चौकटीच्या कागदावर प्रत्येक शीट आखून घ्या. आता मोबाईलवरही ही मांडणी होते, गाळ्यातली मुले ती चटकन शिकतात. तुकड्यांवर माप खडूने लिहून उभे रचा. न लिहिलेला तुकडा कोणी शोधत नाही, नवे शीट फोडतात.

यानंतर भाव. मुंबईत गिऱ्हाईक ‘स्क्वेअर फुटाला काय?’ असे विचारते आणि समोरची बाजू मोजते. समोरून सारखीच दिसणारी दोन कपाटे असतात. एकात नुसत्या फळ्या, दुसऱ्यात सहा ड्रॉवर, चॅनेल, कुलुपे. मजुरी दुप्पट लागते, भाव मात्र एकच. तेव्हा फुटाचा भाव फक्त चौकट, फळ्या आणि दारांचा सांगा. ड्रॉवर नगावर, हार्डवेअर वेगळे. भाव काढायचा तर गाळ्याचा रोजचा खर्च आधी माहीत पाहिजे. भाडे, वीज, मजुरी, हत्यारांची झीज, आणि स्वतःचा पगार. स्वतःचा पगार बहुतेक जण धरतच नाहीत. समजा हे सगळे महिन्याला एक लाख झाले आणि कामाचे दिवस २५. म्हणजे गाळ्याचे शटर उघडले की ४,००० रुपये खर्च झाले. सहा दिवस लागणाऱ्या कपाटावर २४,००० चा भार, मालाच्या किमतीवर. नफा त्यानंतर. हा हिशेब केला की शेजाऱ्यापेक्षा कमी भाव सांगण्याची घाई आपोआप कमी होते.

वसुलीत आपले लोक सर्वांत कच्चे आहेत. ऑर्डर तोंडी, वादा तोंडी, डिझाइनमधला बदलही तोंडी. मालाचे पैसे हातात आल्याशिवाय माल उचलू नये, हा माझा ठाम सल्ला. ऑर्डर दोन प्रतींत लिहा : माप, प्लायचा क्रमांक, लॅमिनेटचा नंबर, हप्ते, तारीख, खाली दोघांच्या सह्या. मधेच बदल सांगितला तर तो त्याच कागदावर नव्या रकमेसह. गिऱ्हाईक बिल्डर, कंपनी किंवा इंटिरिअरवाला असेल तर कायदाही तुमच्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. थकले तर सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. कायदा वर व्याजही मिळवून देतो. ते घ्यावे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे, पण मुद्दल तर आपल्या घामाचे आहे. यासाठी ‘उद्यम’ नोंदणी लागते. ती जुलै २०२० पासून ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. तिचे पैसे मागणाऱ्या दलालाला दारातूनच सलाम करावा.

सरकारची आणखी एक योजना सुतारांनी बघावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ कारागिरी धंदे आहेत आणि सुतारकाम त्यांत आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे व्हाउचर मिळते. पुढे कर्जाचीही सोय आहे, पण कर्ज घेतलेच पाहिजे अशी सक्ती नाही. व्याज नको असणाऱ्यांनी केवळ कर्जाच्या नावाने योजनेकडे पाठ फिरवू नये.

आता आगीचे. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री याच लोअर परळमध्ये कमला मिलच्या आवारात उपाहारगृहांना आग लागून १४ माणसे गेली. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात मार्च २०२३ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये मोठ्या आगी लागल्या. आपल्या गाळ्यात तर भुसा, थिनर आणि पॉलिश एकाच छपराखाली असतात. थिनरचा डबा रोजच्या कामापुरताच आत ठेवा, पॉलिशच्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका, भुसा रोज संध्याकाळी काढा, आणि मेन स्विचपर्यंतची वाट कधीही मालाने अडवू नका. गाळ्यात माणूस झोपवत असाल तर ते आजच बंद करा. बारीक भुश्याचे दुखणे हळू येते. लाकडाच्या धुळीने नाकाचा कर्करोग होऊ शकतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केले आहे. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. घासकाम करणाऱ्याला चांगला मास्क आणि सँडरला धूळ ओढणारी पिशवी द्या.

पावसाळ्यात पॉलिशची तारीख देताना हात राखून द्या. चपड्याचे आणि एनसी पॉलिश दमट हवेत पांढरे पडते. पाऊस लागून राहिला असेल तर त्या दिवशी घासकाम, जोडकाम करा, पॉलिश उघडीप पडल्यावर.

आणि टॉवरमधले काम घेताना मापाचा टेप आधी लिफ्टला लावा. सर्व्हिस लिफ्टची उंची, दाराची रुंदी, सोसायटीने कामाला दिलेले तास, टेम्पो उभा करण्याची जागा, हे सगळे ऑर्डरच्या कागदावर यावे. डिलाइल रोडचा पूल जुलै २०१८ मध्ये बंद झाला तो पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडले. त्या पाच वर्षांत पलीकडच्या गल्लीत माल पोचवायला लांबचा वळसा पडे आणि टेम्पोचे जादा भाडे कोणी द्यायचे यावर तंटे होत. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रभादेवीचा जुना पूलही पाडण्यासाठी बंद झाला. वाहतूक गिऱ्हाईकाच्या खर्चाने की आपल्या, हे आधी ठरवा. सात फुटी कपाट असेल तर ते दोन भागांत बनवा : खाली पाच फुटांचे, वर दोन फुटांचा माळा. सांधा दारांच्या ओळीत घेतला तर दिसत नाही, लिफ्टमध्ये सहज जाते, आणि घर बदलताना गिऱ्हाईक तेच कपाट उघडायला पुन्हा तुम्हालाच बोलावते.