बोरघाटातील मदतनीस इंजिन

रसायनीच्या सपाटीवरून मालगाडी जाते, तेव्हा ती ओढण्यास सामान्यतः पुढचे इंजिन पुरते. तीच गाडी कर्जतहून पुण्याकडे वळली की हिशेब पालटतो. कारण तेथे सह्याद्री आडवा येतो. 1863 साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गावर सर्वांत कठीण चढ 37 फुटांस 1 फूट असा आहे.

हा चढ किती कठीण, हे साध्या भागाकाराने कळते. गाडीचे वजन 1,000 टन धरले, तर 37 ने भागून सुमारे 27 टनांची ओढ तिला सतत मागे खेचीत असते. 120 टनांच्या इंजिनाची चाके कोरड्या रुळांवर आपल्या वजनाच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतकी, म्हणजे 30 टनांची ओढ देऊ शकतात. त्यातील सव्वातीन टन स्वतःचेच वजन चढविण्यात खर्ची पडते. उरलेली ओढ गाडीस पुरत नाही. मग पावसाने रूळ निसरडे झाल्यावर काय होईल, हे सांगावयास नको. यंत्रात शक्ती असूनही चाके जागच्या जागीच फिरू लागतात.

म्हणून कर्जतला गाडीच्या मागे मदतीची इंजिने जोडतात. यांनाच बँकर म्हणतात. ती मागेच का जोडावयाची? सारी पुढे जोडली, तर अवघ्या गाडीचा ताण पहिल्याच कपलिंगवर येईल. मागून रेटा मिळाला, म्हणजे तो ताण हलका होतो. शिवाय मध्येच कपलिंग तुटले, तरी सुटलेले डबे उतारावरून खाली धावू नयेत म्हणून पाठीशी आधार असतो. घाटात ही गोष्ट प्रवाशांच्या प्राणाशी निगडित आहे.

आता प्रश्न असा की, ज्या इंजिनाने केवळ मदत करावयाची, त्यास चालकाची कॅब हवीच कशाला? अमेरिकेत हा विचार प्रत्यक्षात आला. 1939 साली तेथे निघालेल्या एका डिझेल संचात चार भाग होते. दोन टोकांच्या भागांना कॅब होती, मधल्या दोघांना नव्हती. प्रत्येक भाग 1,350 अश्वशक्तीचा असून सर्वांवर एकाच चालकाची हुकमत चाले. दुसरा एक प्रकार तर याहून विलक्षण. त्यात कॅब नाही आणि डिझेल यंत्रही नाही. आहेत ती केवळ विजेची मोटारे व भरपूर वजन. मंद गतीत शेजारच्या इंजिनाची जी वीज त्याच्या चाकांना पेलत नाही, ती घेऊन हा सोबती रुळांवरील पकड वाढवितो.

परंतु बोरघाटाची गरज निराळी आहे. येथील मदतनीस लोणावळ्यास सुटतो आणि पुढल्या गाडीसाठी त्यास पुन्हा कर्जतला उतरावे लागते. कॅब नसलेल्या इंजिनास असे एकट्याने परतता येत नाही, आणि जोडीदार बिघडला तर तेही अडून बसते. जेथे संच कायम एकत्र राहतो, तेथेच कॅब वगळणे परवडते. मधेपुऱ्यास तयार होणाऱ्या 12,000 अश्वशक्तीच्या जोडइंजिनात म्हणूनच मधली बाजू बिनकॅबची आणि दोन्ही बाहेरची टोके कॅबची ठेविली आहेत.

सारांश, कॅब ही मदतनीसाच्या अंगावरील जादा ओझे नव्हे. काम संपल्यावर सुरक्षित घरी परतण्याची ती सोय होय.